एक वाफा लसूण आणि खडकवासल्याचे पाणी

लसणाला किती जमीन लागते? एक गुंठा पुरतो. दिवाळीच्या आगेमागे पाच-सहा किलो पाकळ्या सपाट वाफ्यात टोकायच्या, थंडीभर आठ-दहा दिवसांच्या अंतराने पाणी द्यायचे, दोनदा खुरपायचे, शेवटचे दोन-तीन आठवडे पाणी तोडायचे आणि पात पिवळी पडून माना मोडल्या की उपटायचे. चार-सव्वाचार महिन्यांचे काम. पीक साधले तर गुंठ्यातून क्विंटलभर लसूण निघतो. शेजारच्या वाफ्यात थंडीत मेथी, शेपू, कोथिंबीर, मुळा. उन्हाळ्यात चवळी आणि माठ. पावसाळ्यात गवार, भेंडी, कुंपणावर दोडका आणि घोसाळी. दोन-अडीच गुंठे जमीन आणि तिला पाणी असेल तर एका कुटुंबाची वर्षाची बरीचशी भाजी घरची होते.

एवढी साधी गोष्ट. मग ती आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला का आली नाही? लसूण खुरपणारे हात आपले होते. उपटून जुड्या बांधणारे हात आपले होते. संध्याकाळी मात्र पदरात मूठभर फुटक्या पाकळ्या पडायच्या, त्याही मालकाच्या मर्जीने.

आमचे म्हणणे असे आहे की लसणाचा वाफा करायला तीन गोष्टी लागतात: पायाखाली आपल्या नावाची जमीन, पाटाच्या पाण्यात आपली पाळी, आणि पिकवलेले खाण्या-विकण्याची मोकळीक. जातिव्यवस्थेने या तिन्ही गोष्टी शेकडो वर्षे आपल्यापासून काढून घेतल्या. कारण ज्याच्या घरामागे भाजीचा वाफा आहे तो गावाच्या मर्जीवर जगत नाही. तो ‘नाही’ म्हणू शकतो. हा इतिहास आंबेडकरी तरुणांनी समजून घेतला पाहिजे, आणि तो समजून घ्यायला खडकवासल्याइतकी योग्य जागा नाही.

मनूचा लसूण

सुरुवात लसणापासूनच करू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे. त्यात लसूण आहे, कांदा आहे, अळंबी आहे. पुढे त्याच अध्यायात बजावले आहे की द्विजाने जाणूनबुजून हे खाल्ले तर तो पतित होतो. दहाव्या अध्यायात मात्र म्हटले आहे की शूद्राला पातक लागत नाही आणि तो संस्कारालाही पात्र नाही. टीकाकारांनी या पातकाचा अर्थ लावताना लसणासारख्या वस्तू खाण्याचे उदाहरण दिले. म्हणजे ब्राह्मणाने लसूण खाल्ला तर तो घसरतो. शूद्राने खाल्ला तर काहीच होत नाही, कारण घसरायला त्याच्यापाशी उंचीच ठेवलेली नाही. ही सवलत वाटते. प्रत्यक्षात तो अपमान आहे.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी बौद्ध भिक्खू फाहियान भारतात आला. त्याने मध्यदेशाबद्दल लिहून ठेवले की इथले लोक कांदा-लसूण खात नाहीत, अपवाद फक्त चांडाळांचा. आणि हे चांडाळ वेगळे राहतात, नगरात शिरताना लाकूड वाजवून आपली चाहूल देतात. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात फाहियानच्या या साक्षीची चिकित्सा केली आहे. चांडाळ म्हणजे आजचे अस्पृश्य असा सरळ निष्कर्ष त्यांनी काढला नाही, आपणही काढू नये. पण एवढे नक्की दिसते की त्या काळी लसणाचा वास हा माणसाची जागा ठरवणारा वास होऊ लागला होता.

आता याच काळातली दुसरी गोष्ट बघा. मध्य आशियात कुचाजवळ १८९० मध्ये भूर्जपत्रावरचे एक जुने हस्तलिखित सापडले. ‘बॉवर हस्तलिखित’ या नावाने ते ओळखले जाते. त्याच्या सुरुवातीचा भाग वैद्यकाचा आहे आणि तो आहे लसणावर. लसूण कितीतरी रोगांवर गुणकारी असल्याचे त्यात सांगितले आहे. पण ब्राह्मण लसूण खात नाहीत, कारण तो असुराच्या रक्तातून उपजला अशी कथा. मग आजारी ब्राह्मणाने करायचे काय? त्यावर तोड सांगितली आहे: गाईला तीन रात्री जवळपास उपाशी ठेवायचे, मग गवतात लसणाची पात मिसळून खाऊ घालायची, आणि त्या गाईचे दूध, दही, तूप घ्यायचे. औषध पोटात जाते आणि सोवळेही मोडत नाही.

या एका नुस्ख्यात ब्राह्मणी व्यवस्थेचे सगळे मर्म आहे. लसणाचा गुण हवा, वास नको. श्रमाचे फळ हवे, श्रम करणाऱ्याचा स्पर्श नको. मधे एक गाय उभी केली की झाले!

तथागतांचा नियम वेगळा होता

इथे कोणी म्हणेल, बौद्ध भिक्खूंनाही लसूण वर्ज्य होता की. होता. विनयपिटकात तसा नियम आहे आणि तो लपवायचे कारण नाही. पण नियम कशासाठी झाला ते वाचावे.

एक भिक्खू लसूण खाऊन आला आणि धम्मदेसनेच्या वेळी इतरांना वासाचा त्रास नको म्हणून लांब बसला. जे खाल्ल्याने माणूस धम्म ऐकायला जवळ येऊ शकत नाही ते टाळावे, असे भगवंतांनी सांगितले. पुढे सारिपुत्तांना पोटात वाताचा त्रास झाला, त्यावर त्यांना लसणाने आराम पडत असे. तेव्हा आजारपणात लसूण घेण्याची परवानगी दिली. गाईची पळवाट नाही, सरळ परवानगी.

भिक्खुणींच्या नियमाची कथा आणखी महत्त्वाची आहे. श्रावस्तीत एका उपासकाने भिक्खुणींना लसूण देऊ केला होता. प्रत्येकीला दोन-तीन गड्ड्या द्याव्यात असे त्याने शेतराखणाऱ्याला सांगून ठेवले होते. थुल्लनंदा नावाची भिक्खुणी इतर भिक्खुणींसह शेतात गेली आणि प्रमाण न पाहता भरमसाट लसूण घेऊन गेली. शेतराखणाऱ्याने तक्रार केली. त्यावरून भिक्खुणींसाठी नियम झाला.

मनूचा नियम जन्म बघतो. बुद्धाचा नियम वर्तन बघतो. एकाला चिंता आहे की ब्राह्मणाची शुद्धी बिघडेल. दुसऱ्याला चिंता आहे की शेजारी बसणाऱ्याला त्रास होईल आणि शेत पिकवणाऱ्याचे नुकसान होईल. शेतराखणाऱ्याची तक्रार ऐकून संघाचा नियम बदलतो, ही गोष्ट लहान नाही. आजही शाळेच्या आहारात कांदा-लसूण नको म्हणणारे आहेत, भाडेकरूच्या स्वयंपाकघराचा वास घेऊन घर नाकारणारे आहेत. त्यांना ‘आवड आपली आपली’ म्हणून सोडून देता येत नाही. त्या वासामागे मनूचा पाचवा अध्याय आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जाळले गेले त्यात लसणाचाही हिशोब होता.

खडकवासल्याचे पाणी कुठे गेले?

खाण्याच्या हक्काचे हे झाले. आता पाणी. लसूण कोरडवाहू पीक नाही. मुळे उथळ असतात, आठ-दहा दिवसांत पाणी मिळाले नाही तर गड्डी भरत नाही. म्हणून लसणाचा इतिहास हा पाटाचाही इतिहास आहे.

पुण्याच्या नैर्ऋत्येला, शहरापासून वीसेक किलोमीटरवर, मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण इंग्रजांनी बांधले. काम १८६९ च्या सुमारास सुरू झाले आणि १८७९ मध्ये पुरे झाले. आखणी करणाऱ्या फाइफ या इंजिनिअरच्या नावावरून तलावाला ‘लेक फाइफ’ म्हणत. धरणाचे पाणी पुणे शहराला आणि खडकीच्या छावणीला मिळाले. उजवा कालवा हडपसर, मांजरी, लोणी असा शंभरावर किलोमीटर जाऊन पाटसपर्यंत पोहोचला. कोरडवाहू ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस, फळबागा आणि भाजीपाला उभा राहिला.

या धरणाशी क्रांतिबा जोतीराव फुल्यांचे नाते होते. धरणाच्या कामात ते कंत्राटदार होते. कालव्याच्या पाण्यावर मांजरीला त्यांनी शेती केली आणि बागायत कशी करायची ते करून दाखवले. म्हणून पाटबंधारे खात्याबद्दल ते बोलतात तेव्हा ती ऐकीव टीका नसते. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी दोन मागण्या केल्या आहेत, त्या आजच्या पाणीतज्ज्ञांनीही वाचाव्यात. एक, डोंगर-टेकड्यांवरून वाहून जाणारे पाणी जिरावे म्हणून जागोजागी तालीवजा बंधारे बांधावेत आणि त्या कामाला सरकारने पदरचे शिपाई लावावेत. दोन, कालव्याचे पाणी प्रत्येक शेतकऱ्याला तोटी बसवून गरजेपुरते मोजून द्यावे. पाणी मोजून द्या, म्हणजे वरच्याने जास्त घेतले आणि खालच्याचे वाळले असे होणार नाही. ज्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्यांनीच पंधरा वर्षांनी शेतातल्या तोटीचा प्रश्न मांडला. पिण्याचे पाणी आणि पिकाचे पाणी हे त्यांच्या लेखी एकाच न्यायाचे दोन भाग होते.

पण कालव्याची व्यवस्था मुळात अशी आहे की पाणी जमिनीमागे जाते. लाभक्षेत्रात ज्याची जमीन त्याचा पाणीअर्ज. नमुना नंबर ७ भरायला गट नंबर लागतो. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याच्या दारावरून पाट वाहिला तरी त्याला त्यात पाळी नाही. म्हणजे जातीने आधी जमीन नाकारली आणि मग आधुनिक, निधर्मी, कागदोपत्री निर्दोष अशा पाटबंधारे खात्याने त्या नकारावर पाण्याचा शिक्का मारला. कोणा अधिकाऱ्याने जात विचारायची गरजच उरली नाही. सातबाऱ्याने आधीच सांगितलेले होते.

पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याची भिंतही गेली आणि मुठेने पुणे बुडवले. पुराने पेठा-पेठांत भेद केला नाही. तो भेद पाटाच्या पाण्यात आहे. धरण पुन्हा उभे राहिले, नवा उजवा कालवा इंदापूरपर्यंत गेला. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी आहे, त्यात एकट्या खडकवासल्याचे दोन टीएमसीही नाही. दर उन्हाळ्यात भांडण होते: शहराला किती आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला किती? या भांडणात दोन पक्ष असतात, शहर आणि बागायतदार. तिसरा पक्ष, भूमिहीन, कालवा समितीच्या बैठकीत कुठल्या खुर्चीवर बसतो?

याच पुणे जिल्ह्यात दुसरा मार्ग दाखवला गेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. तिची तत्त्वे साधी होती: पाणी माणशी मोजायचे, अर्ध्या एकरापुरते, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापर्यंत, पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसेल, भूमिहीनालाही वाटा असेल, ऊस लावायचा नाही. जोतीरावांच्या तोटीनंतर पाण्याच्या न्यायाची इतकी सरळ मांडणी क्वचितच झाली असेल. ती नियम का झाली नाही, प्रयोगच का राहिली, याचे उत्तर उसाच्या राजकारणात शोधा.

हाडकी-हाडोळा: जमीन की बेडी?

कोणी म्हणेल, महारांना वतनाच्या जमिनी होत्या ना? होत्या. त्या जमिनींना नावच होते हाडकी-हाडोळा. गावाने आपल्याला दिलेल्या जमिनीच्या नावातही हाडे होती.

या जमिनीच्या बदल्यात काय करायचे? १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी सरकारी कागदावर पक्की केली. सांगावा पोहोचवणे, सारा वसुलीला हाका मारणे, अधिकाऱ्यांचे सामान वाहणे, वेळ-काळ काही नाही. एकाला काम जमले नाही तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. जमीन तुटपुंजी, भाऊबंद वाढत गेलेले, मोबदला म्हणून गावाकडून बलुते, तेही मागून आणायचे. नोव्हेंबरात लसूण टोकायचा त्या दिवशी पाटलाचा सांगावा आला की वाफा तसाच टाकून पळायचे. अशी जमीन असून शेतकरी होता येत नाही.

बाबासाहेबांनी ही बेडी ओळखली. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ज्याला चाकरी सोडायची आहे त्याला जमिनीचा पूर्ण आकार भरून ती रयतेप्रमाणे स्वतःच्या नावावर राखता आली पाहिजे, हा त्याचा गाभा. विरोध इतका झाला की विधेयक पुढे जाऊ शकले नाही. शेवटी १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतने नाहीशी करण्याचा कायदा आला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. तोवर बाबासाहेब नव्हते. जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून परत मिळणार होत्या, पण नव्या शर्तीने. ज्यांनी रक्कम वेळेत भरली नाही, ज्यांच्यापर्यंत नोटीसच पोहोचली नाही, त्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या किंवा दुसऱ्यांच्या ताब्यात राहिल्या. पुण्याभोवती याच जमिनींना आज सोन्याचा भाव आहे, आणि मूळ वतनदारांचे वारस कचेऱ्यांत फेरफाराचे उतारे शोधत फिरत आहेत.

बहिष्काराचे हत्यार आणि भाजीचा वाफा

मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला एक समिती नेमली. ‘स्टार्ट समिती’ म्हणून ती ओळखली जाते आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. तिचा १९३० चा अहवाल प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवा. समितीने नोंदवले की बहुतेक गावांत अस्पृश्य पोटासाठी सवर्णांवर अवलंबून आहेत, आणि त्यांनी हक्क मागितला की गाव बहिष्कार टाकते. काम बंद, दुकानातला माल बंद, वाट बंद. अत्याचारापेक्षाही हे हत्यार जास्त परिणामकारक आहे, कारण त्यात कायदा मोडल्याचे दिसत नाही.

बाबासाहेबांनी दुसरीकडेही दाखवून दिले आहे की अस्पृश्याला व्यापाराची वाट बंद आहे, कारण अस्पृश्य म्हणून त्याच्याशी कोणी व्यवहार करत नाही. भाजीबद्दल हे किती खरे होते! खुरपताना, उपटताना, जुड्या बांधताना विटाळ नाही. त्याच हाताने पाटी डोक्यावर घेऊन दारात ‘भाजी घ्या’ म्हटले की विटाळ.

आता लसणाचा वाफा परत आठवा. बहिष्काराच्या काळात ज्याच्या मागच्या दारी मेथी आहे, कुंपणावर घोसाळी आहे, आढ्याला लसणाची जुडी टांगलेली आहे, त्याची चूल चार दिवस जास्त पेटते. ते चार दिवस लढ्यात निर्णायक असतात. म्हणून आम्ही वाफ्याला राजकारण म्हणतो.

अमेरिकेत काळ्या जनतेने हेच अनुभवले. मिसिसिपीत फॅनी लू हेमर या मळ्यावर राबणाऱ्या बाईंनी १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला अर्ज केला आणि मालकाने त्यांना मळ्यावरून हाकलले. १९६९ मध्ये त्यांनी ४० एकर घेऊन ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी संस्था सुरू केली आणि गरीब कुटुंबांसाठी भाजीपाला पिकवला. मत मागितले म्हणून ज्याला उपाशी मारता येते, त्याने आधी आपल्या अन्नाची सोय करावी, हे त्या ओळखून होत्या.

‘शहराकडे चला’ म्हणणाऱ्या बाबासाहेबांना जमीन हवी होती का?

चळवळीतले काही तरुण आम्हाला विचारतात: बाबासाहेबांनी गाव सोडा म्हणून सांगितले, गावाला त्यांनी संकुचितपणाचे डबके मानले, मग तुम्ही आम्हाला परत माती उकरायला का सांगता?

प्रश्न रास्त आहे, उत्तरही सरळ आहे. बाबासाहेबांचा विरोध जातीच्या गावाला होता, जमिनीच्या मालकीला नव्हता. १९१८ मध्ये लिहिलेल्या लहान धारणांवरील निबंधात त्यांनी कीटिंजसारख्या अधिकाऱ्यांचे मत खोडून काढले. शेत केवळ लहान आहे म्हणून तोट्याचे ठरत नाही. त्यावर किती भांडवल, किती अवजारे, किती श्रम लावता येतात त्यावर ते ठरते, असे त्यांनी मांडले. शेतीवरचा जादा भार उद्योगांनी उचलावा, हा त्यांचा उपाय होता. पण म्हणून जमिनीवर पाणी सोडा, असे ते कधी म्हणाले नाहीत. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर नेला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि जमीन जात न पाहता सामूहिक शेतीसाठी द्यावी असे मांडले; शिवाय पडीक सरकारी जमिनी अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहतींसाठी राखाव्यात असेही.

त्यांच्यामागे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. लाखो लोक तुरुंगात गेले, बायका तान्ही मुले घेऊन गेल्या. रिपब्लिकन पक्षाचा सर्वांत मोठा लढा जमिनीसाठी झाला, हे आजच्या किती पोरांना माहीत आहे? राज्य सरकारने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले, त्यामागे हाच रेटा होता.

आणि खडकवासला आता गाव तरी कुठे राहिले? जून २०२१ मध्ये ते इतर गावांसह पुणे महापालिकेत गेले. आपण शहराकडे जायचे ठरवले, तेवढ्यात शहरच खडकवासल्याला आले. आता प्रश्न असा की या शहरात जमीन कोणाला मिळणार?

इंग्लंडचे अडीच गुंठे

ज्या इंग्रजांनी खडकवासल्याचे धरण बांधले त्यांच्या देशात काय झाले होते ते बघू. तिथल्या जमीनदारांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हजारो कायदे करून गावांची सामाईक कुरणे कुंपणात घातली. आपल्या गायरानांसारखीच ती होती. त्याच्याही आधी, १६४९ मध्ये, जेरार्ड विन्स्टनली आणि त्याचे साथीदार सरे परगण्यातल्या सेंट जॉर्जच्या टेकडीवरच्या सामाईक जमिनीत शिरले आणि त्यांनी तिथे गाजरे आणि घेवडा लावला. जमीन सगळ्यांची, असे ते म्हणत. लोकांनी त्यांना ‘डिगर्स’, खणणारे, असे नाव दिले. जमीनदारांनी त्यांची पिके तुडवली आणि त्यांना हुसकावले.

पण गरिबांची मागणी मेली नाही. १८४५ च्या कायद्यात मजुरांसाठी थोडी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आली. १९०८ च्या कायद्याने स्थानिक मंडळांवर जबाबदारीच टाकली: मागणी असेल तर भाजी पिकवायला तुकडे उपलब्ध करून द्या. सहा रहिवाशांनी अर्ज केला तरी मंडळाला त्याची दखल घ्यावी लागते. अशा तुकड्याला ते ‘अलॉटमेंट’ म्हणतात. त्याचे रूढ माप सुमारे अडीचशे चौरस मीटर, म्हणजे आपले अडीच गुंठे. भाडे माफक. साहेबांच्या देशातला कामगार तिथे बटाटा, लसूण, कोबी पिकवतो आणि त्याला कोणी अतिक्रमणवाला म्हणत नाही.

आपल्याकडे कायदा आहे तो कसा? कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. २०१८ पासून पूर्ण अनुदानावर. पण बागायत जमिनीला एकरी आठ लाखांची मर्यादा. म्हणजे गुंठ्याला वीस हजार. खडकवासल्यात गुंठा लाखांत मोजतात. या दराने इथे एक वाफाही मिळणार नाही. धरण उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन पाटबंधारे खाते भाड्याने देते, पण एका हंगामापुरती. आणि लसूण लावायच्या वेळी तर ती पाण्याखालीच असते.

मग मागायचे काय?

पहिली मागणी: ज्या गावांना महापालिकेने सामावून घेतले तिथल्या सरकारी आणि सामाईक जमिनींपैकी काही भाग अडीच-अडीच गुंठ्यांच्या तुकड्यांत भूमिहीन कुटुंबांना दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यावा, आणि तो बाईच्या नावे द्यावा. खुरपणी तिची, तर करारावर सही तिची. शोभेच्या हिरवळीला जागा आणि पाणी मिळते, तर मेथीला का नाही?

दुसरी: पाणी माणशी मोजा. पाणी पंचायतीचे तत्त्व कालव्याच्या नियमांत आणा. अडीच गुंठे लसणाला लागणारे पाणी उसाच्या एका एकरापुढे किती? नगण्य.

तिसरी: गायरान. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितले, पण सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही त्याच निकालात नोंदवला. २०२२ मध्ये राज्यभर नोटिसा निघाल्या तेव्हा हा अपवाद किती जणांनी तहसीलदारापुढे मांडला? निकाल पूर्ण वाचा. १९९१ चा शासन निर्णय सोबत ठेवा.

चौथे काम आपले स्वतःचे आहे. वतनाच्या जमिनीचे जुने उतारे आणि फेरफार काढून ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही; दलालाच्या स्टँप पेपरवर सही करू नका. आणि जिथे जागा मिळेल तिथे लावा. लसणाला बियाण्याच्या कंपनीची गरज नाही. या वर्षीच्या ठसठशीत गड्ड्या राखून ठेवल्या की पुढच्या वर्षीचे बियाणे घरात. सुरुवातीला राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा ओंकार किंवा भीमा पर्पल घ्या, नाहीतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गोदावरी किंवा श्वेता घ्या.

कोणी म्हणेल, क्रांती करायला निघालेल्यांनी भाजीच्या वाफ्याबद्दल काय बोलायचे? त्यांना सांगा: चवदार तळ्यावरही ओंजळभरच पाणी प्यायले गेले होते. पाण्याचे माप तिथे महत्त्वाचे नव्हते, ते कोणाच्या हक्काचे हे महत्त्वाचे होते. खडकवासल्याच्या पाण्याला आणि त्याच्या काठच्या जमिनीला आपण तोच प्रश्न विचारत आहोत.

जय भीम!